गायकचरित्रांतील जमाखर्च

मराठी भाषेत गायकवादकांविषयी ज्या आपुलकीने लिहिले गेले आहे, त्या आपुलकीने चित्रकार किंवा शिल्पकार यांच्याविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. रामकृष्णबुवा वझे यांनी ‘संगीत कला प्रकाश’ या आपल्या ग्रंथात चिजांच्या जोडीला आत्मवृत्तही दिले. गोविंदराव टेंबे यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) व ‘माझा जीवनविहार’ (१९४८) हे ग्रंथ लिहिले आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही सिद्ध केले. प्रा. बा. र. देवधर यांची ‘थोर संगीतकार’ या पुस्तकातील शब्दचित्रे तर घरोघर वाचली गेली. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी १९७२ साली अब्दुल करीमखाँ यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या काळात तर अशा पुस्तकांची रीघच लागली. या लेखनाने मराठी वाचकाला ऐकावे कसे हे शिकविले, यात संशय नाही. आम्हांस येथे त्या लेखनाच्या एका उणिवेचा विचार करावयाचा आहे. एवढी चरित्रे वाचूनही, ज्याचे गाणे आपण डोळ्यांपुढे उभे करू शकतो त्या गवयाचे पोट कशावर चालले होते, हे आपणांस सांगता येत नाही.

चरित्रकार या प्रश्नाला अगदीच बगल देतात असे नाही. चरित्राच्या पूर्वार्धात दारिद्र्याचे प्रसंग हटकून असतात. मधुकरी, पायी प्रवास, अन्नछत्रातील जेवण, गुरुगृही पाणी भरण्यापासून चिलीम भरण्यापर्यंतची सेवा, हे सारे तेथे सविस्तर येते. परंतु हे दारिद्र्य शिष्यदशेपुरते असते. ते कसोटी म्हणून येते व विद्या हाती लागताच जणू आपोआप संपते. मग उत्तरार्धात पैसा पुन्हा अवतरतो तो औदार्य, उधळपट्टी, व्यसन आणि कर्ज या नावांनी. मधली तीस-चाळीस वर्षे, ज्या वर्षांत माणूस दरमहा घरभाडे देतो, मुलांच्या मुंजी-लग्ने करतो, तबलजीची बिदागी भागवतो, ती वर्षे कोरी राहतात. तेथे मैफलींची वर्णने असतात, आणि ती सुंदरही असतात. मैफलीनंतर हाती काय पडले हे विचारणे मात्र चरित्रकाराला असभ्यपणाचे वाटत असावे.

ही सभ्यता आम्हांस महाग पडली आहे. कारण ही कोरी पाने संगीताच्या इतिहासाचीच आहेत. गायकी कोणत्या गावी गेली, कोणाच्या गळ्यात उतरली, कोणापासून लपवून ठेवली गेली, यांची उत्तरे पुष्कळदा गवयाच्या प्रपंचात सापडतात. चरित्रकारांनीच नोंदविलेल्या, परंतु त्या दृष्टीने न वाचलेल्या काही हकिकती घेऊन आम्ही हे दाखवू इच्छितो.

ग्वाल्हेरपासून आरंभ करणे योग्य होईल. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची गायकी महाराष्ट्रात कशी आली हे सांगताना आपण शिक्षक मंडळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या पायपिटीची गोष्ट सांगतो. ती खरी आहे व सांगण्यासारखीही आहे. पण त्याच गायकीचा दुसरा एक ओघ ग्वाल्हेरातल्याच एका मराठी घरात शिरला, तो कसा? जयाजीराव शिंदे १८८६ साली निवर्तले. त्यांच्या पश्चात दरबारचा आश्रय सुटलेले निसार हुसेनखाँ हे शंकरराव पंडित यांच्या घरी येऊन राहिले. मुसलमान उस्ताद ब्राह्मणाच्या घरी असा मिसळून गेला की लोक त्यांना ‘निसार भट’ म्हणू लागले. ही हकिकत आजवर धर्मापलीकडच्या स्नेहाचे उदाहरण म्हणून सांगितली गेली आहे, आणि तो स्नेह नाकारण्याचे काहीच कारण नाही. तथापि, एका बाजूला नोकरी गमावलेला, छप्पर आणि दोन वेळचे अन्न यांची गरज असलेला थोर कलावंत होता व दुसऱ्या बाजूला विद्येची आस असलेले एक बेताच्या ऐपतीचे घर होते, हेही तितकेच खरे आहे. ज्या घरात उस्तादाचे पान वाढले गेले त्या घरात गायकी राहिली. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांनी ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणून पोहोचविली. दरबाराचे वेतन अखंड चालू राहिले असते तर निसार हुसेनखाँ पंडितांच्या घरी राहावयास आले असते काय, आणि आले नसते तर ती विद्या कोणत्या घरात गेली असती, हा प्रश्न कल्पनाविलासाचा नाही. विद्येच्या वंशावळी काढणाऱ्या अभ्यासकाने तो प्रथम विचारावयास हवा.

हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांची कथा याहून विलक्षण आहे. विपन्नावस्थेत भटकणाऱ्या या गुरुपुत्राला विष्णुपंत छत्रे यांनी जवळ केले. छत्रे हे हिंदी सर्कशीचे जनक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. ते हद्दूखाँचे शागीर्द होते, हे त्या मानाने थोड्यांना ठाऊक असते. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांचा सांभाळ केला, आणि १९२२ साली कुरुंदवाड येथे रहिमतखाँ वारले. या कथेत चरित्रकारांचे सारे लक्ष खाँसाहेबांच्या अफूकडे, विक्षिप्तपणाकडे आणि त्या अलौकिक आवाजाकडे जाते. आमचे लक्ष सर्कशीच्या तंबूकडे जाते. वाघ-घोड्यांचा खेळ पाहावयास आलेल्या प्रेक्षकांच्या तिकिटांतून ग्वाल्हेर घराण्याच्या या वारसाचा चरितार्थ चालला, आणि सर्कशीच्या मुक्कामांबरोबर त्याचे गाणे दूरदूरच्या गावांत ऐकू आले. अब्दुल करीमखाँच्या गायकीवर रहिमतखाँची छाया पडली असे जाणकार मानतात. ती छाया पडण्यासाठी रहिमतखाँ जिवंत राहणे आणि दक्षिणेत येणे आवश्यक होते, व या दोन्ही गोष्टी एका सर्कसवाल्याच्या गल्ल्याने घडवून आणल्या. संगीताच्या इतिहासात विष्णुपंत छत्रे यांना एका ओळीची तळटीप मिळते. त्यांना एक प्रकरण मिळावे असे आमचे मत आहे.

आता एका जुन्या तक्रारीकडे वळू. उस्तादाने विद्या हातची राखली, अस्ताई सांगितली पण अंतरा सांगितला नाही, परक्या शिष्यासमोर मुद्दाम वेगळे गायिले, अशी गाऱ्हाणी या साऱ्या वाङ्मयात विखुरलेली आहेत. मराठी लेखक ती सांगताना एक नैतिक सूर लावतो. विद्या ही दिल्याने वाढते, मग देणाऱ्याचा हात का आखडावा, असा तो सूर असतो. पांढरपेशा लेखकाच्या दृष्टीने तो स्वाभाविकही आहे, कारण त्याची विद्या विद्यापीठात मिळते आणि ती दुसऱ्याला सांगितल्याने त्याची नोकरी जात नाही. खानदानी गवयाची स्थिती वेगळी होती. त्याला जमीन नव्हती, वतन नव्हते, सनद असली तरी ती राजाच्या मर्जीवर होती. त्याच्या घरातील अप्रसिद्ध राग आणि दुर्मिळ चिजा हीच त्याची मिळकत होती. लग्नात चिजा आंदण दिल्याच्या कथा सांगितल्या जातात, त्यांचा अर्थ तरी दुसरा काय? शेतकऱ्याने आपले शेत कोणाही होतकरू तरुणाला फुकट द्यावे अशी अपेक्षा आपण करीत नाही. उस्तादाच्या कृपणपणाचे समर्थन करावे असे आम्ही म्हणत नाही. त्या कृपणपणापायी कितीतरी शिष्यांची आयुष्ये वाया गेली. परंतु स्वभावदोष म्हणून त्याची बोळवण केली की त्याचे कारण दिसेनासे होते.

हे ज्यांनी ओळखले त्यांत पं. भातखंडे यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्यांनी चिजा मिळविल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून कोणालाही विकत घेता येतील अशा करून ठेवल्या. या कार्याचे मोल सांगण्याची गरज नाही. मात्र भातखंडे हे वकील होते, गाणे हा त्यांचा धंदा नव्हता, ही गोष्ट त्यांच्या गौरवपर लेखांतून जितकी सहज येते तितक्याच सहज विसरली जाते. भांडाराची दारे उघडणाऱ्याचे पोट त्या भांडारावर नव्हते. ज्यांचे होते त्यांची कुरकुर इतिहासात अज्ञान व हट्ट म्हणून जमा झाली.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचे उदाहरण म्हणूनच अधिक मननीय आहे. ते धंदेवाईक गवई होते आणि तरीही त्यांनी विद्या उघडी केली. मिरजेचा राजाश्रय सोडून निघालेल्या या तरुणाने ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ साली ते मुंबईस आले. दरबाराऐवजी तिकीट, नजराण्याऐवजी फी, उस्तादाच्या मर्जीऐवजी अभ्यासक्रम, अशी ही नवी घडी होती. तिला जोड म्हणून छापखाना होता, पुस्तकांची विक्री होती, वाद्ये तयार करण्याचा कारखाना होता. गवयाने प्रतिष्ठेने जगावे कसे याचा एवढा व्यवहारी विचार त्यांच्यापूर्वी कोणी केला नव्हता. मुंबईतील इमारत कर्जाऊ रकमेवर उभी राहिली आणि पुढे त्याच कर्जापायी लिलावात गेली. विष्णुबुवा नाशिकास गेले, रामनामात रमले, आणि १९३१ साली मिरजेस त्यांचे देहावसान झाले.

चरित्रकार या लिलावाकडे थोर पुरुषाच्या आयुष्यातील एक दुर्दैव म्हणून पाहतात. काहींना त्यात भक्तिमार्गाकडे वळविणारा ईश्वरी संकेतही दिसतो. आम्ही मात्र त्या कर्जाची रक्कम कोठे खर्च झाली हे पाहू इच्छितो. महाविद्यालयात ‘उपदेशक वर्ग’ होता. त्यातील विद्यार्थ्यांस फी नव्हती, उलट त्यांच्या राहण्याजेवणाचा भार संस्थेवर होता. वर्षानुवर्षे शिकून त्यांनी पुढे संगीतप्रसार करावा अशी योजना होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही माणसे या व्यवस्थेतून तयार झाली. मग हा खर्च बुडीत खाती धरावयाचा की भांडवली? इमारत गेली, पण त्या इमारतीत जेवलेली माणसे पुढे हिंदुस्थानभर वर्ग काढून बसली. आज गावोगाव ज्या संगीतपरीक्षा होतात, आणि ज्यांच्या आधाराने शेकडो संगीतशिक्षकांचे घर चालते, त्यांचा उगम या दिवाळखोर ठरलेल्या संस्थेत आहे. हा हिशेब मांडला तर विष्णुबुवांच्या उत्तरायुष्याचे चित्र बरेच बदलेल.

त्यांच्याच शिष्यांपैकी विनायकबुवा १९२२ साली गंधर्व नाटक मंडळीत गेले व दहा वर्षे रंगभूमीवर वावरले. गायनाचार्याचा पट्टशिष्य रंग फासून उभा राहिला म्हणून हळहळणारे त्या वेळीही होते. परंतु नाटक कंपनी ही त्या काळी गवयाला दरमहा पगार देणारी मोठी जागा होती. तीही किती तकलादू होती हे बालगंधर्वांच्या कर्जावरून आणि दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीवरून दिसलेच. मंडळीने चित्रपटाच्या धंद्यात हात घातला, ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) चालले नाही, आणि एप्रिल १९४२ मध्ये दीनानाथ गेले. त्याच वर्षी त्यांची तेरा वर्षांची थोरली मुलगी चित्रपटात काम करू लागली. लताबाईंच्या गळ्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्याने ग्रंथालय भरेल. तेरा वर्षांच्या मुलीला पाच भावंडांच्या घरासाठी कमवावे लागले या वस्तुस्थितीपुढे मात्र लेखक नियतीला नमस्कार करून थांबतो. पुढे याच गायिकेने ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नात गाणाऱ्याचा वाटा असावा असा आग्रह धरला, त्यासाठी महंमद रफी यांच्यासारख्या सहकाऱ्याशी काही वर्षे गाणे सोडले, तेव्हा तिला व्यवहारी म्हणून नावे ठेवली गेली. कलावंताचा तो हक्क कायद्यात यावयास २०१२ सालची दुरुस्ती यावी लागली. बाप कर्जात गेलेला पाहिलेल्या मुलीने हिशेब शिकावा यात नवल ते काय?

राजाश्रय या शब्दाभोवती आपल्याकडे अजून एक सोनेरी धूसरपणा आहे. संस्थानी मुलखातील आम्हां मंडळींना तर तो विशेष प्रिय. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत कलावंतांचे रीतसर खाते होते. त्याला नियम होते, पगाराच्या श्रेणी होत्या, हजेरी होती. मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ साली त्याच नगरीत निघाली. ही शिस्त त्या काळी अपूर्व होती, आणि कित्येक कलावंतांच्या घरी तिच्यामुळे नियमाने चूल पेटली. पण आश्रय म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे हुकूम, हेही विसरता येत नाही. अल्लादियाखाँसाहेब तरुणपणी आमलेटा या लहानशा ठिकाणच्या अधिपतीकडे होते. त्याच्या इच्छेखातर इतके गावे लागले की त्यांचा आवाज बसला, आणि तो पूर्ववत कधीच झाला नाही. त्या बिघडलेल्या आवाजाला साजेल अशी वक्र, पेचदार, बलपूर्ण गायकी त्यांनी घडविली असे मानले जाते. टेंबे आणि देवधर या दोघांच्याही लेखणीला या प्रसंगाने स्फुरण चढावे हे साहजिक आहे. आपत्तीतून नवनिर्मिती झाली, हा अर्थ खराच. तरी या प्रसंगाला दुसरीही बाजू आहे. आपला गळा फाटतो आहे हे कळत असूनही ‘आता पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार त्या गवयाला नव्हता. एका घराण्याच्या गायकीच्या मुळाशी अशी एक सेवेची अट आहे, याची जाणीव आमच्या समीक्षेला असावी.

संस्थाने गेली. ग्वाल्हेर व इंदूर १९४८ साली मध्यभारतात आली, कोल्हापूर व बडोदे १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. फैयाजखाँ १९५० च्या नोव्हेंबरात बडोद्यास वारले. विलीनीकरणानंतर पुरती दोन वर्षेही त्यांना लाभली नाहीत. आकाशवाणी हा नवा आश्रयदाता झाला. १९५२ पासून तिने स्वरपरीक्षा व श्रेणी लावून दिल्या. नामांकित बुजुर्गांना परीक्षेस बसविले म्हणून त्या वेळी जो क्षोभ झाला त्याचे पडसाद पुष्कळ आठवणींत आहेत. श्रेणी मिळाल्यावर दरसाल किती कार्यक्रम येत आणि त्यांत घर चालत होते काय, हे सांगणारी आठवण विरळा.

स्त्रीगायिकांपाशी आलो म्हणजे चरित्रकाराची लेखणी अधिकच अवघडते. गोमंतकातील ज्या कलावंत घराण्यांनी विसाव्या शतकाला केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर दिल्या, त्या घराण्यांत उपजीविकेचा प्रश्न देवळाची सेवा, यजमान आणि मैफल यांच्याशी गुंतलेला होता. त्याविषयी काय लिहावे हे मराठी पांढरपेशा लेखकाला उमजत नाही. म्हणून तो विशेषणांचा आश्रय घेतो. मोगूबाईंना ‘गानतपस्विनी’ म्हणतात. पदवी आदराची आहे, पण तिच्या आड फार झाकले जाते. आई लहानपणीच अंतरलेली, नाटक कंपन्यांतून काम केलेले, गुरू मिळूनही इतरांच्या अडथळ्यांमुळे शिक्षण पुनःपुन्हा खंडित झालेले, पुढे अकाली वैधव्य आणि तीन मुलांचा सांभाळ, असे ते आयुष्य. त्यांनी शिकवण्या केल्या, मिळतील त्या मैफली केल्या. आईला बाहेरगावी कशी वागणूक मिळे, तिची मानधनाच्या बाबतीत कशी अवहेलना होई, हे किशोरीताईंनी आपल्या मुलाखतींतून उघड बोलून दाखविले. किशोरीताईंच्या कडक अटींवर आणि मैफली सोडून जाण्यावर चवीने लिहिणाऱ्यांनी ही बाजूही सोबत लिहावयास हवी होती. मुलीचा ताठा हा आईच्या अपमानाचा जबाब होता, असे आम्हांस वाटते.

केसरबाईंना अल्लादियाखाँसाहेबांनी शिकविणे पत्करले ते भरभक्कम अटी घालून. शाहूछत्रपती १९२२ साली गेले, खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईस आले, आणि वृद्ध उस्तादाचा संसार यापुढे शिष्यांच्या, विशेषतः शिष्यिणींच्या, वेतनावर चालावयाचा होता. जयपूर-अत्रौली गायकीचे श्रेष्ठ वारसे स्त्रियांकडे का गेले, याची अनेक सूक्ष्म कारणे देण्यात आली आहेत. त्यांत या साध्या कारणाची भर घालावयास हरकत नसावी. हिराबाई बडोदेकर यांनी १९२९ साली नाटक मंडळी काढली, ती कर्जात बुडाली, आणि ते कर्ज त्यांनी पुढे मैफली करकरून फेडले. बालगंधर्वांचे कर्ज ही मराठी रंगभूमीची शोककथा ठरली. हिराबाईंनी फेडलेल्या कर्जाची कथा कोणी केली नाही, कारण फेडलेल्या कर्जात नाट्य नसते.

जे कलावंत दुसऱ्या धंद्यावर जगले त्यांची दखल तर याहूनही कमी. डॉ. वसंतराव देशपांडे यांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केली. दिवसा आकडेमोड व रात्री गाणे. नोकरी सुटल्यावर, ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे नाटक १९६७ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले तेव्हा, हाच माणूस त्यात राजगायक खाँसाहेब म्हणून उभा राहिला. या नाटकावर घराण्यांचा संघर्ष, गुरुशिष्यभाव, विद्येचा अहंकार या दृष्टींनी भरपूर टीका झाली आहे. पण दारव्हेकरांनी कथानकाचा पाया कशावर रचला? एका पदावर आणि त्या पदाबरोबर मिळणाऱ्या हवेलीवर. स्पर्धा जिंकणारा त्या घरात राहावयास येतो, हरणारा बेघर होतो. एकाच गावात दोन गायक्या नांदू शकतात, पण राजगायकाचे वेतन एकालाच मिळते. खाँसाहेबांच्या तोंडची कडवटपणाची भाषा या एका गोष्टीतून उगवते. आमच्या मते या नाटकाचे खरे सामर्थ्य येथे आहे, आणि ज्याने नोकरी व गाणे यांची ओढाताण वर्षानुवर्षे सोसली होती अशा नटाला ते उमगले असेल तर आश्चर्य नाही.

कुमार गंधर्वांच्या बाबतीतही असेच एक पान दुमडून राहिले आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा हा मुलगा देवधरांच्या वर्गात वाढला आणि क्षयाने आजारी होऊन १९४८ च्या जानेवारीत देवासला आला. चारपाच वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील लोकगीते कानी आली, त्यांतून नवे चिंतन सुरू झाले आणि १९५२ नंतर एक वेगळेच गाणे प्रकटले, हे आता शाळकरी पाठ्यपुस्तकांतही आहे. या वर्षांत घर कोण चालवीत होते? त्यांच्या पत्नी भानुमतीबाई. त्या स्वतः देवधरांच्याच वर्गात शिकलेल्या गायिका. देवासला त्यांनी शाळेत नोकरी धरली, पगार आणला, शुश्रूषा केली, आणि १९६१ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या त्यागाविषयी दोन आदरयुक्त वाक्ये लिहून चरित्रकार पुढे जातात. आम्हांस त्यागापेक्षा पगाराविषयी अधिक वाचावयास आवडेल. एका शिक्षिकेच्या दरमहाच्या पगारावर एका गवयाला कित्येक वर्षे मैफलीवाचून जगता आले, आणि ती सक्तीची विश्रांती त्याच्या चिंतनाला लाभली. अखिल भारताने ज्याचे कौतुक केले त्या नव्या गाण्याचा आश्रयदाता शोधावयाचा तर तो देवासच्या शाळेच्या पगारपत्रकात आहे. आणि भानुमतीबाईंचे स्वतःचे गाणे त्या पगारात किती खर्ची पडले, हे विचारणाराही अजून कोणी निघालेला नाही.

साथीदारांविषयी लिहावयाचे म्हटले तर या वाङ्मयात आधारालाही काही सापडत नाही. मुख्य गवयाच्या बिदागीतून तबलजीला आणि सारंगीवाल्याला काय मिळे, १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली तेव्हा पेटीवाल्यांनी काय केले, तंबोरा धरणाऱ्या शिष्याला पैसे मिळत की नुसते जेवण, यांपैकी एकाही गोष्टीचा पत्ता नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत मैफली एकाएकी बंद पडल्या, तेव्हा बड्या कलावंतांच्या आठवणी वर्तमानपत्रांत आल्या. ज्याला दर मैफलीमागे मिळते आणि मैफल नसली की काही मिळत नाही, तो साथीदार तेव्हाही बातमीत फारसा नव्हता.

यावर कोणी म्हणेल की चरित्रकाराने वाण्याची वही उघडून बसावे काय? रसिकतेची हानी होणार नाही काय? आमचा अनुभव उलट आहे. टेंबे यांच्या लेखनात जी जिवंत माणसे भेटतात त्याचे एक कारण असे की वकिलीकडून संगीताकडे वळलेले, नाटक मंडळीचे भागीदार झालेले व पुढे स्वतःची कंपनी चालविलेले टेंबे हे पैशाच्या खाणाखुणा जाणत होते. त्यांची रसिकता त्यामुळे उणावली नाही. त्यांच्यामागून आलेल्या भाविक चरित्रकारांनी त्यांची वर्णनशैली घेतली, पण ही जाण घेतली नाही.

साधनांची उणीव ही सबब आम्ही पुरती मान्य करणार नाही. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर येथील संस्थानी दफ्तरांत कलावंतांच्या नेमणुका, तैनाती, बक्षिसे यांचे कागद शोधावयास हवेत, आणि ते बहुतांशी मोडीत व मराठीत असणार म्हणजे आपल्याच कक्षेतील आहेत. त्याहून निकडीचे काम घरांतले आहे. जुन्या गवयांच्या कपाटांत बिदागीच्या वह्या, शिकवण्यांच्या नोंदी, आकाशवाणीची करारपत्रे, मनिऑर्डरच्या पावत्या पडलेल्या असतात. घर बदलताना फोटो आणि मानपत्रे जपली जातात व हे कागद रद्दीत जातात. आपल्या संस्थेचे सभासद ज्या ज्या गावी आहेत त्या बहुतेक गावी असे एखादे तरी गाणारे घर आहे. मोडी वाचू शकणारे थोडे वृद्ध शिक्षकही आपल्यांत अजून आहेत. त्यांनी अशा एकेका घरी जाऊन एकेक वही उतरवून घेतली, तर पुढच्या चरित्रकाराला कोरी पाने भरण्यासाठी विशेषणे शोधावी लागणार नाहीत.